गोधडीच्या पोटात काय आहे?

संपादक महोदय,

थंडी आली की ‘जुन्या गोधड्यांना नवं रूप द्या’ असे लेख छापून येतात. वर कोणते तुकडे जोडावेत हे सगळे सांगतात. आत काय भरावं, हे कुणी सांगत नाही. मी त्यातच फसले, म्हणून हे पत्र.

सासूबाईंची वाकळ होती. वर खणाचे तुकडे, आत नऊवारी लुगडी आणि सासऱ्यांची धोतरं. मधे विरून पार जाळी झाली होती. नातवाला हलकी हवी होती, म्हणून मधले थर काढले आणि एका दुकानातून ‘प्युअर कॉटन’ म्हणून दिलेली फुगीर, पांढरीशुभ्र गुंडाळी आणून आत घातली. पंधरा दिवस धावदोरा घालत बसले.

महिन्याभरात विरलेल्या लुगड्यातून पांढरी लव बाहेर यायला लागली. नातू म्हणे, “आजी, घाम येतो.” शेवटी आतली एक चिमूट ओढून चिमट्यात धरली आणि निरांजनावर नेली. कापूस असता तर कागद जळाल्यासारखा वास येऊन भुरभुरीत राख पडली असती. हे आक्रसलं, वितळलं आणि चिमट्याच्या टोकाला काळा, टणक मणी उरला. पॉलिस्टर!

पॉलिस्टरशी माझं वैर नाही. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या लेकीला पावसाळ्यात ऊन मिळत नाही. तिच्याकडे मशीनमध्ये धुऊन लवकर वाळणारी तीच दुलई बरी. पिंजलेला कापूस उबदार खरा, पण टाके लांब पडले तर पहिल्याच धुण्यात त्याचे गोळे होतात. म्हणून तर रजई धुवायची नसते, उन्हात टाकायची, आणि दबली की पिंजाऱ्याकडे न्यायची. (आमच्या आळीत पिंजारी आला की धनुकलीचा आवाज आधी यायचा.) सावरीचा कापूस उशीत ठीक, गोधडीत तो निसटत राहतो.

पण जुन्या कापडाच्या पोटात जुनंच सुती कापड हवं. ते आधीच आटलेलं असतं. कोरं सुती कापड न धुता आत घातलं तर ते नंतर आटतं आणि वरच्या खणाला चुण्या पडतात. मी सगळं उसवलं, माझी दोन जुनी सुती पातळं आत घातली आणि अर्ध्या बोटावर ओळी मारल्या. वाकळ जड झाली आहे, पण नातू पांघरतो.

माझं म्हणणं एवढंच, की बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती, साखर किती ते छापलेलं असतं, मग सुट्ट्या विकल्या जाणाऱ्या या भरणीवर कापूस किती आणि पॉलिस्टर किती एवढं तरी लिहिलेलं असावं. ते होईपर्यंत बायांनो, दुकानातच चिमूटभर मागून घ्या आणि घरी जाळून बघा.

उसवून काढलेली गुंडाळी टाकली नाही. तिच्या दोन उशा झाल्या, आणि उशीला ती छान आहे.

– आपली एक जुनी वाचक, वाई (जि. सातारा)