लूपचा हिशेब शिकवणाऱ्या सरांस

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

महापे येथील आमच्या रासायनिक कारखान्यातील हायड्रोजनेशन विभागाचे सेन्सर तपासण्यासाठी निवृत्तीनंतरही आपण वेळ दिलात, त्याबद्दल आमच्या संपूर्ण इन्स्ट्रुमेंट विभागाच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार.

हायड्रोजन आणि हवेचे मिश्रण पेटायला सुमारे 0.02 मिलिजूल ऊर्जाही पुरते. त्यामुळे तार तुटली किंवा शॉर्ट झाली तरी ठिणगीत तेवढा जोर नसावा, इतकी वीज मुळातच आवरून धरणे हे इन्ट्रिन्सिक सेफ्टीचे तत्त्व आहे. ट्रान्समीटरला (सेन्सरचे माप नियंत्रण कक्षाकडे पाठवणाऱ्या उपकरणाला) प्रमाणपत्र आहे, बॅरिअरलाही (तिकडे जाणारी वीज मर्यादेत ठेवणाऱ्या उपकरणालाही) आहे, म्हणजे काम झाले, असे मानण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते, आपण मात्र दोन्ही प्रमाणपत्रे शेजारी ठेवून व्होल्टेज, करंट आणि पॉवर यांचे आकडे एकेक करून जुळवलेत आणि मग विचारलेत, "मधल्या केबलचे काय?"

त्या प्रश्नाचे मोल आम्हाला आकडेमोडीतच कळले. 28 व्होल्ट, 93 मिलिअँपिअरच्या बॅरिअरला आयआयसी गटातील, म्हणजे हायड्रोजनसारख्या अगदी सहज पेटणाऱ्या वायूंसाठी 83 नॅनोफॅरड कपॅसिटन्सची (केबल आणि ट्रान्समीटर यांच्या वीज साठवण्याच्या क्षमतेची) मुभा होती. पाइपरॅकवरून वळसे घेत गेलेली केबल 400 मीटर भरत होती. माहिती नसताना धरायच्या मीटरला 200 पिकोफॅरड या दराने तिचेच 80 नॅनोफॅरड होत आणि ट्रान्समीटरचे 10 मिळवल्यावर मर्यादा ओलांडली जात होती. केबल बदलण्याची घाई न करता आपण उत्पादकाचे माहितीपत्रक मागवायला लावलेत. त्यात मीटरला 110 पिकोफॅरड निघाले, बेरीज 54 वर आली आणि इंडक्टन्सही (चुंबकीय रूपात ऊर्जा साठवण्याची क्षमता) मर्यादेत बसला. सुरक्षितता अंदाजावर सोडायची नाही आणि विनाकारण खर्चही वाढवायचा नाही, ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

एका ट्रान्समीटरच्या पाटीवरचा रंग आपण स्वतः फडक्याने पुसलात, तेव्हा प्रमाणपत्र क्रमांकाच्या शेवटी 'एक्स' हे अक्षर दिसले. वापराला विशेष अटी लागू आहेत, असा त्याचा अर्थ. म्हणून ते प्रमाणपत्र आपण शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचून घेतलेत. झेनर बॅरिअरच्या अर्थिंगचा रोध एक ओहमच्या आत असल्याचेही आपण मीटर लावून पाहिलेत.

आता प्रत्येक लूपच्या (ट्रान्समीटर, केबल आणि बॅरिअर मिळून होणाऱ्या जोडणीच्या) फाइलमध्ये त्याच्या हिशेबाचा कागद लावलेला असतो. पुढील शटडाउनमध्ये सॉल्व्हंटच्या टाक्यांचे लेव्हल सेन्सर तपासायला घेणार आहोत. ते हिशेब आपल्या नजरेखालून जावेत, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
इन्स्ट्रुमेंट विभागातील एक अभियंता, नवी मुंबई