बोगदा टिकतो, नाली तुंबते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की खंडाळा, कसारा, दूधसागर या भागांत रेल्वेचे घाट आणि जुने बोगदे पाहायला जाणाऱ्यांची रीघ लागते. दुसरीकडे अचलपूर, दर्यापूर, कारंजा, जामनेर या गावांची बंद पडलेल्या गाडीची मागणी थांबलेली नाही. तिला बहुतेक वेळा मिळणारे उत्तर असे की मार्ग जुना झाला, आता परवडत नाही. त्यातले ‘जुना झाला’ हे कारण खरे नाही. जुना बोगदा डोळे उघडे ठेवून पाहिला तर ते तिथेच कळते.

बोरघाटाचे उदाहरण घ्या. हा घाटमार्ग १८६३ साली सुरू झाला तेव्हा त्यावर २५ बोगदे होते. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी काम पुरे करून घेतले. सुरुंगाची भोके पहारीने आणि घणाने पाडलेली होती. त्या काळचे सगळेच काम उत्तम होते असेही नाही, १८६७ साली याच घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. खंडाळ्याच्या खाली गाडी उलटी फिरवण्याचे रिव्हर्सिंग स्टेशन होते. चढून आलेली गाडी तिथे थांबे, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावले जाई आणि गाडी आल्या तोंडाने मागे फिरून खंडाळ्याकडे निघे. १९२९ मध्ये नवा मार्ग काढून ही कसरत संपवली आणि तो तुकडा सोडून दिला.

हा तुकडा पुन्हा सुरू करा असे कोणी म्हणणार नाही आणि म्हणूही नये, कारण त्याच्या जागी अधिक चांगला मार्ग आला. मूर्तिजापूर–अचलपूर या बंद मार्गावरच्या गावांना मात्र गाडी गेल्यावर बदल्यात रेल्वे मिळाली नाही. बंद मार्गाचा विचार करताना सर्वांत आधी विचारायचा प्रश्न हाच आहे: त्याच्या जागी काय आले?

आता बोगद्याकडे. सह्याद्रीचा काळा पाषाण थरावर थर असा बसलेला आहे. अखंड कातळातून गेलेला बोगदा अस्तराशिवायही पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. मात्र दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या, मऊ, मातकट दगडाचा पट्टा असतो. कोरडा असेपर्यंत तो भार झेलतो. पाणी लागले की भुसभुशीत होऊन झडू लागतो आणि वरच्या कातळाचा आधार सुटतो. बोगद्यात हा तांबडा पट्टा भिंतीत कोणत्या उंचीवर आहे ते पाहा. तो कमानीच्या खांद्यापाशी असेल आणि तिथे दगडी अस्तर नसेल, तर त्या जागेखाली उभे राहू नका.

अस्तर असेल तिथे दिव्याचा झोत भिंतीवर सरळ टाकू नका, भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपा टाका. सरळ उजेडात सपाट वाटणाऱ्या भिंतीचा फुगवटा तिरप्या झोतात सावली टाकतो. मग लहान हातोडीने दगड हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर दगड मागच्या चुन्याला धरून आहे, बद्द आवाज आला तर मागे पोकळी आहे. सांध्यांतून खाली आलेले पांढरे ओघळ म्हणजे पाण्याबरोबर वाहून चाललेला चुना. ओघळ कोरडा आणि धूळ बसलेला असेल तर पाण्याने वाट बदलली आहे. तो ओला, बोटाला लागणारा असेल तर गळती आजही चालू आहे. भिंतीच्या पायाशी ठरावीक अंतरावर पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात. ती बुजलेली आणि त्यांच्या वरची भिंत ओली दिसली, तर मागे पाणी साठून भिंतीला पुढे ढकलते आहे असे समजावे. फुगवटा तिथेच सापडतो.

बोगद्याच्या आत जितके बिघडते त्याहून जास्त तोंडाशी बिघडते. डोंगरावरून येणारे पाणी तोंडावर पडू नये म्हणून तोंडाच्या वरच्या अंगाला, उतारावर, आडवी नाली खणलेली असते. गाड्या चालू असताना दरवर्षी पावसाआधी रेल्वेची टोळी वर चढून ती साफ करते. मार्ग बंद झाला की सर्वांत आधी थांबते ते हे काम. दोन पावसाळ्यांत पाल्याने आणि मातीने नाली भरते, पाणी सरळ तोंडावरून उतरते, सांध्यांत ओल राहते आणि पक्ष्यांनी टाकलेले पिंपळाचे बी तिथे रुजते. केसासारखे मूळ पाच-सहा वर्षांत मनगटाएवढे होते आणि कमानीचा दगड जागचा हलवते. झाड वरून छाटून उपयोग होत नाही, मुळापासून पुन्हा फुटते. मूळ खोलवर काढून सांधा लगेच भरावा लागतो. बोगद्याचे वय शंभर की दीडशे याने फार फरक पडत नाही. पाणी किती वर्षे मोकळे सोडले यावर सगळे ठरते.

पाहायला जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. वापरात असलेल्या मार्गावरून चालत जाऊन जुन्या बोगद्यापाशी पोहोचणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. घाटात उतरणारी गाडी पावसाच्या आवाजात ऐकू येत नाही, आणि चालू बोगद्यात बाजूला सरायला भिंतीतल्या कोनाड्यांखेरीज जागा नसते. सोडून दिलेल्या मार्गावरही जमीन रेल्वेची असते, म्हणून परवानगी घेऊनच जावे. जून ते सप्टेंबर अजिबात नको. शेवटच्या मोठ्या पावसानंतर किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत, कारण दरडी पाऊस थांबल्यावरही सुटतात. चौघांपेक्षा कमी जाऊ नये आणि एकाने बाहेर थांबावे. डोक्याला शिरस्त्राण, एक डोक्यावरचा आणि एक हातातला असे दोन दिवे, सुटे सेल, घोट्यापर्यंतचे बूट, वटवाघळांच्या विष्ठेची धूळ छातीत जाऊ नये म्हणून चांगला मास्क. तोंडाच्या कमानीला आग्या मोहोळ आहे का ते दुरूनच पाहावे. एक तोंड दरडीने बुजलेले असेल किंवा आत हवेची हालचाल जाणवत नसेल, तर आत पाऊल टाकू नये.

कायदा न मोडता घाटातले जुने बोगदे पाहायचे असतील तर इंदूरजवळचा पाताळपाणी–कालाकुंड हा सुमारे साडेनऊ किलोमीटरचा मीटरगेज (दोन रुळांतले अंतर, म्हणजे गेज, एक मीटर) तुकडा उत्तम. चार बोगदे गाडीत बसून पाहता येतात. वारसागाडी डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. ती हंगामानुसार चालते, तेव्हा वेळापत्रक पाहून निघावे. खंडवा–इंदूर मार्गासाठी तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, म्हणून या मार्गाचे नावच होळकर स्टेट रेल्वे पडले.

बंद मार्ग पुन्हा चालू करायचा तर कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी पाणी, मग कातळ, मग अस्तर आणि शेवटी रूळ. हा क्रम उलटला की पैसा वाया जातो. उदाहरणार्थ, गळणाऱ्या भिंतीवर फवाऱ्याने काँक्रीट मारले की ती दोन महिने छान कोरडी दिसते. पण मागचे पाणी अडते, दाब वाढतो आणि पुढच्याच पावसात काँक्रीटचे पापुद्रे सुटून रुळावर पडतात. म्हणून आधी भिंतीत तिरपी भोके पाडून, नळ्या बसवून पाणी बाजूच्या नालीत आणायचे आणि नंतरच फवारणी करायची. पाहणीसाठी दर वीस मीटरवर बोगद्याचा छेद मोजावा आणि तो पावसाळा संपता संपता मोजावा. मे महिन्यात केलेल्या पाहणीत एकही गळती सापडत नाही.

गेज बदलायचे असेल तर हिशेब वेगळा. मीटरगेज १००० मिलिमीटर, ब्रॉडगेज १६७६. पण बोगद्यात रुंदीपेक्षा उंची जास्त अडवते. पंचवीस हजार व्होल्टच्या तारेची नेहमीची उंची रुळापासून साडेपाच मीटर. बोगद्यात ती थोडी खाली आणता येते, तरी मीटरगेजच्या कमानीत ती सहसा बसत नाही. मग तळ खाली खणायचा मोह होतो. तळ खणताना बाजूच्या भिंतींचा पाया उघडा पडतो आणि भिंत आत सरकू लागते. त्यामुळे तळ खणायचाच तर एका वेळी दोन-तीन मीटरचा तुकडा खणून, त्याखाली काँक्रीट भरून, मग पुढचा तुकडा घ्यावा लागतो. काम कूर्मगतीने चालते, पण दुसरा सुरक्षित मार्ग नाही. मोकळ्या जमिनीवर ब्रॉडगेजला किलोमीटरमागे १६६० काँक्रीट स्लीपर आणि त्यांखाली ३०० ते ३५० मिलिमीटर खडीची गादी लागते. जुनी खडी मातीने भरलेली असते, ती चाळून घेतल्याशिवाय वापरली तर पहिल्याच पावसात रूळ खचतात.

हे सगळे आपल्याकडे होऊ शकते याचा पुरावा नेरळ–माथेरान. दोन फुटी गेज, सुमारे २१ किलोमीटर, १९०७ सालचा मार्ग. २००५ च्या जुलैमधील पावसाने तो उद्ध्वस्त झाला, २००७ मध्ये पुन्हा चालू झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा वाहून नेला. अमन लॉज–माथेरान या वरच्या छोट्या टप्प्यातली शटल त्याच वर्षअखेर सुरू झाली आणि २२ ऑक्टोबर २०२२ रोजी नेरळपासून पूर्ण गाडी धावली. या वेळी उताराला जाळीच्या पेट्यांत दगड भरून केलेल्या भिंती दिल्या. अशा भिंतीतून पाणी आरपार जाते आणि जमीन थोडी सरकली तर ती वाकते, तडकत नाही. घाटात सिमेंटच्या सलग भिंतीपेक्षा ही भिंत सरस ठरते. एवढ्या अवघड डोंगरात हे जमते, तर वऱ्हाडच्या सपाट, बोगदाही नसलेल्या जमिनीवर का जमू नये?

अडीच फुटी गेजची यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही सुमारे १९० किलोमीटरची ‘शकुंतला’ रेल्वे कापसासाठी बांधलेली. तिच्यावर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते. येथे खर्चाचा मोठा आकडा फाटकांचा आहे. ब्रॉडगेजवरची मनुष्यरहित फाटके २०१९ पर्यंत संपवण्यात आली, तेव्हा रूपांतर करताना प्रत्येक शेतरस्त्याला भुयारी मार्ग किंवा पूल द्यावा लागेल. दोन-तीन शेतरस्ते एकत्र करून एकाच भुयारी मार्गाकडे वळवले तर हा आकडा बराच खाली येतो, पण त्यासाठी ग्रामपंचायतींशी आधी बोलावे लागते. यवतमाळला वर्ध्याकडून नवी लाइन येते आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये ती कळंबपर्यंत पोहोचली. अचलपूर–अंजनगाव–दर्यापूर या बाजूला मात्र काहीच येत नाही, म्हणून आमच्या मते पहिला हक्क या ७६ किलोमीटरचा. पाचोरा–जामनेरला रूपांतर आणि बोदवडपर्यंत विस्तार मंजूर आहे. अकोला–खंडवा मार्गात अकोटपर्यंत ब्रॉडगेज गाडी २०२२ पासून धावते. पुढचा मेळघाटातला जुना मार्ग व्याघ्र प्रकल्पासाठी सोडून बाहेरून वळसा घेण्याचा निर्णय झाला आणि तो योग्य आहे. प्रत्येक जुनी लाइन जशीच्या तशी परत यावी, असा हट्ट आम्ही धरत नाही.

हट्ट जमिनीचा आहे. स्कॉटलंडमध्ये एडिनबरोहून दक्षिणेला जाणारा मार्ग जानेवारी १९६९ मध्ये बंद करून रूळ उखडले. त्यातला सुमारे ४८ किलोमीटरचा भाग सप्टेंबर २०१५ मध्ये परत सुरू केला आणि पहिल्या वर्षी दहा लाखांहून अधिक प्रवास झाले. बाउशँक आणि टॉरवुडली हे जुने बोगदे दुरुस्त करून तसेच वापरले. अडचण आली ती जिथे जुन्या मार्गावर नवा महामार्ग आडवा गेला होता तिथे. तिथे नवे खोदकाम, नवा पूल, नवा भराव करावा लागला. छेचाळीस वर्षे उभा राहिलेला बोगदा कामाला आला आणि दिलेली जमीन महागात पडली.

रेल्वे अधिनियमाच्या कलम २५ मध्ये प्रवासी मार्ग बंद करण्याची तरतूद आहे, तशी कलम २६ मध्ये बंद मार्ग पुन्हा उघडण्याचीही आहे. त्यासाठी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी लागते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाऐवजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, ही प्रवाशांच्या दृष्टीने चांगली गोष्ट.

आमची विनंती रेल्वे आणि राज्य शासन या दोघांना आहे. बंद मार्गाची पट्टी कोणालाही, कोणत्याही नावाने, तुकड्यातुकड्याने देऊ नये. रस्ता न्यायचाच असेल तर रुळाखालून किंवा वरून पुरेशी उंची राखून न्यावा. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये मोऱ्या आणि नाल्या साफ कराव्यात. आठ-दहा जणांची एक टोळी लहान बोगद्याच्या दोन्ही तोंडांचे काम आठवड्याच्या आत उरकते. आणि ऑक्टोबरमध्ये एकदा पायी पाहणी करून गळती, खचलेले भराव आणि अतिक्रमणे किलोमीटरच्या दगडागणिक नोंदवावीत. मूर्तिजापूर–अचलपूर मार्गाची अशी पहिली पाहणी येत्या ऑक्टोबरात व्हावी आणि तिचा अहवाल अचलपूर, अंजनगाव व दर्यापूरच्या तहसील कार्यालयांत लोकांना पाहण्यासाठी ठेवावा.

आपले,
रूळमार्गाच्या देखभालीचे काम केलेले काही वाचक, पुणे