टाके निघाले, व्हायरस तसाच आहे

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : हिपॅटायटिस बी व सी असलेल्या रुग्णांच्या लिव्हर कॅन्सर शस्त्रक्रियेनंतरच्या उपचारांबाबत

मंत्रिमहोदय, स. न. वि. वि.

नाशिकच्या सिडकोत माझा दवाखाना आहे. अंबड-सातपूरचे कामगार, त्यांचे गावाकडचे आईबाप, असा सगळा गोतावळा माझ्याकडे येतो. मी सर्जन नाही, लिव्हरचा तज्ज्ञही नाही. पण मुंबई-पुण्याला जाऊन लिव्हरची गाठ काढून आलेला माणूस टाके वाळले की माझ्याच बाकावर येऊन बसतो, आणि पुढची वर्षं तो मलाच दिसत राहतो. ऑपरेशन यशस्वी झालं की नाही याचं उत्तर तेव्हा कुठे मिळायला लागतं. त्याविषयी लिहितो आहे.

आधी चांगलं सांगतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे कुटुंबाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं. एरवी ज्यांनी जमीन गहाण टाकली असती किंवा सरळ देवावर हवाला ठेवला असता, ते आज ऑपरेशन टेबलापर्यंत पोचतात. याचं श्रेय शासनाला दिलंच पाहिजे. माझी तक्रार टेबलावरून उतरल्यानंतरची आहे.

अलीकडेच हातात आलेलं एक डिस्चार्ज कार्ड डोळ्यांसमोर आणा. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण अशी कार्डं मी एकाच ठिकाणची पाहिलेली नाहीत. लिव्हरचा कुठला भाग काढला, किती सेंटिमीटरची गाठ होती, कडा स्वच्छ आहेत, सगळं नीट लिहिलेलं. औषधांत पाच दिवसांची अँटिबायोटिक, अ‍ॅसिडिटीची गोळी, दुखलं तर घ्यायची गोळी. एक दिवसाआड ड्रेसिंग. महिन्याने दाखवा. आणि मागच्या पानावर, ऑपरेशनपूर्व तपासण्यांच्या रांगेत, हिमोग्लोबिन आणि साखरेच्या खाली, ‘एचबीएसएजी : पॉझिटिव्ह’, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बीचा व्हायरस आहे. ती तपासणी थिएटरमधल्या स्टाफला संसर्ग होऊ नये म्हणून झाली होती. स्टाफने काळजी घेतली असणारच. पण ज्याच्या रक्तात हा व्हायरस आहे, त्याच्यासाठी कार्डावर एक ओळही नव्हती. व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती, ही तपासणी) नाही, व्हायरस दाबून ठेवणारी टेनोफोविर किंवा एंटेकाविर यांपैकी एकही गोळी नाही. तो गृहस्थ माळकरी. मला म्हणाला, ‘डॉक्टर, आयुष्यात दारूला शिवलो नाही, मग लिव्हर कसं गेलं?’ गाठ या व्हायरसमुळे झाली हे त्याला ऑपरेशन होऊनही कोणी सांगितलं नव्हतं.

साहेब, सर्जन गाठ काढतो, व्हायरस काढू शकत नाही. उरलेलं लिव्हर तेच असतं, वर्षानुवर्षं पोळलेलं. म्हणूनच लिव्हर कॅन्सरची गाठ नीट काढल्यावरही पाच वर्षांत निम्म्याहून अधिक, काही ठिकाणी ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांत ती पुन्हा दिसते. पहिल्या दोन वर्षांत परतते ती बहुधा आधीच्याच गाठीची पसरलेली पिल्लं असतात. तिथे सर्जनचं कौशल्य, गाठीचा आकार, रक्तवाहिनीत तिने शिरकाव केला होता का, हे ठरवतं. दोन वर्षांनंतर येते ती बऱ्याचदा नवीच गाठ असते, त्याच आजारी लिव्हरमध्ये नव्याने उगवलेली. या दुसऱ्या प्रकाराबाबत आपल्या हातात पुष्कळ काही आहे, आणि नेमकं तिथेच आपण रुग्णाचा हात सोडतो.

तैवानमध्ये हिपॅटायटिस बी असलेल्या आणि गाठ काढून टाकलेल्या हजारो रुग्णांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. अँटिव्हायरल, म्हणजे व्हायरस दाबणारी गोळी, न घेणाऱ्यांत सहा वर्षांत गाठ परतण्याचं प्रमाण सुमारे ५५ टक्के, घेणाऱ्यांत सुमारे ४६. कोणी म्हणेल, फरक नऊ टक्क्यांचाच की! रोजच्या एका गोळीने शंभरातल्या नऊ जणांची गाठ टळत असेल तर मला ते थोडं वाटत नाही. शिवाय गोळीमुळे उरलेलं लिव्हर टिकतं, आणि हा फायदा त्या आकड्यात धरलेलाच नाही. निरोगी लिव्हरचा पाऊण भाग कापला तरी माणूस निभावून नेतो, ते पुन्हा वाढतं. सिरॉसिस झालेल्या, म्हणजे व्रणांनी कडक झालेल्या लिव्हरचा किमान ४० टक्के भाग राखावाच लागतो. लिव्हर शाबूत असेल तर परतलेली गाठ पुन्हा कापता येते, सुई घालून जाळता येते. पोटात पाणी झालं, कावीळ चढली की कितीही चांगला सर्जन हात वर करतो. आणि ऑपरेशनच्या ताणाने बी व्हायरस उसळी मारतो, असंही घडतं. म्हणजे गोळीची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच ती कार्डावर नसते.

हिपॅटायटिस सीची गोष्ट वेगळी. १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या रक्तातून तो व्हायरस जातो. खरोखर जातो. पण सिरॉसिस राहतं, आणि त्यासोबत गाठीचा धोकाही. रुग्णाला मात्र ‘बरा झालास’ एवढंच ऐकू येतं. दर सहा महिन्यांची सोनोग्राफी आणि ए.एफ.पी. ही रक्ततपासणी पुढेही चालू ठेवायची असते हे त्याला समजावून सांगणारं कोणी नसतं. त्यालाच का दोष द्यायचा? सुरगाण्याहून किंवा पेठहून नाशिकला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी गेली, एसटीचं भाडं वेगळं, आणि पोटात काही दुखत नसताना कोण येतं?

राग येतो तो यामुळे की औषध सरकारकडे आहे. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्यात तपासण्या मोफत, बीच्या गोळ्या मोफत, सीचा पूर्ण कोर्स मोफत. फुले योजनेत ऑपरेशनही मोफत. दोन्ही आपलेच. पण कार्यक्रमाची नोंदवही एकीकडे, योजनेचा आरोग्यमित्र आणि त्याचा कॉम्प्युटर दुसरीकडे, आणि ऑपरेशन वैद्यकीय महाविद्यालयात झालं तर ते खातंच वेगळ्या मंत्र्यांचं. रुग्ण एका खिडकीवर ‘केस क्लोज’ होतो, दुसऱ्या खिडकीवर त्याचं नाव कधी लागतच नाही.

आकडा लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात हिपॅटायटिस बीचे २.९८ कोटी आणि सीचे ५५ लाख रुग्ण आहेत. बीची लस देशभरातल्या बाळांना २०११ पासून मिळू लागली. उद्या गाठी घेऊन येणार आहेत ते त्याआधी जन्मलेले, आज कारखान्यात आणि शेतात राबणारे लोक. यातल्या बहुतेकांना कधी कावीळ झालेली नसते, त्यामुळे चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणाऱ्याकडेसुद्धा ते गेलेले नसतात! कळतं ते रक्तदान शिबिरात. (नेत्यांच्या वाढदिवसांना आमच्याकडे शिबिरांचा पाऊस असतो, तेवढा एक फायदा.) रक्तपेढी प्रत्येक पिशवी बी आणि सीसाठी तपासते. दात्याला निरोप गेला तर जातो, पुढे त्याला हिपॅटायटिसच्या उपचार केंद्रात नेऊन बसवणारा दुवा मला तरी दिसलेला नाही. तो तेव्हाच सापडला, सहा-सहा महिन्यांनी सोनोग्राफी झाली, तर गाठ दोन-अडीच सेंटिमीटरची असताना हाती लागते. आज ती माझ्याकडे येते तेव्हा बरगडीखाली हाताला लागते.

म्हणून मागणी साधी आहे. लिव्हरच्या गाठीच्या ऑपरेशनची प्री-ऑथ (योजनेची पूर्वमंजुरी) मागताना बी आणि सीचा रिपोर्ट, पॉझिटिव्ह असेल तर व्हायरल लोड, आणि अँटिव्हायरल कधी सुरू केलं याची तारीख, हे भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकू नये. डिस्चार्ज कार्डावर राष्ट्रीय कार्यक्रमातला नोंदणी क्रमांक असल्याशिवाय रुग्णालयाचा क्लेम निघू नये. पैसे अडकले की कागद कसे भराभर पूर्ण होतात, हे आपल्याला मी सांगायला नको. सहा महिन्यांच्या सोनोग्राफीची आठवण आशाताईंच्या यादीत जावी, तिचा मोबदला त्यांना मिळावा, आणि निदान तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून ठरलेल्या दिवशी सोनोग्राफी करणारा डॉक्टर बसावा. नाशिकमधल्या शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात नाशिक विभागाच्या पाचही जिल्ह्यांतल्या अशा रुग्णांसाठी आठवड्याची एक ओपीडी ठेवली, तर धुळे-नंदुरबारच्या माणसाला पुढच्या तपासण्यांसाठी मुंबईचं परळ गाठावं लागणार नाही.

आणि निकाल जाहीर करा. योजनेत किती शस्त्रक्रिया झाल्या हे आम्ही फलकांवर वाचतो. त्यातले ९० दिवसांनी किती हयात होते, दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी किती जणांची गाठ परतली, त्यात बी किती, सी किती, गोळी चालू असलेले किती, हेही रुग्णालयवार छापा. सुरुवातीला आकडे वाईट दिसतील. काही मोठी नावं नाराज होतील. होऊ द्या.

प्री-ऑथच्या फॉर्ममध्ये चार रकाने वाढवायला विधेयक लागत नाही, आपल्या सहीचं एक परिपत्रक पुरतं. मसुदा हवा असेल तर आम्ही इथले काही डॉक्टर बसून लिहून देऊ, मंत्रालयात आणूनही देऊ.

कळावे,

आपला,
एक फॅमिली डॉक्टर
सिडको, नाशिक