कार्डात भरलेली गाणी तुमच्या यादीत नाहीत

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत दोन हजार सालानंतरच्या मराठी गाण्यांवर पानभर लेख आला होता तो मी दुकानात बसून दोनदा वाचला, गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं तरी वाचत होतो. लेख चांगला आहे, शिव्या घालायला पत्र लिहीत नाहीये. अजय-अतुल आहेत, सलील-संदीपचं आयुष्यावर बोलू काही आहे, लिटिल चॅम्प्सची ती पोरं आहेत, शेवटी गुलाबी साडी पण आहे. पण वाचून झाल्यावर असं वाटलं की हे सगळं नाट्यगृहात तिकीट काढून नाहीतर घरी टीव्हीसमोर बसून ऐकलेलं आहे, आणि माझ्या काउंटरवरून जे गेलं त्यातलं निम्म्याहून जास्त यात नाहीच.

मी कोण ते आधी सांगतो. चाळीसगावात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं छोटं दुकान आहे. 1997 ला कॅसेटचं दुकान म्हणून टाकलं, मग सीडी आल्या, मग एकेका सीडीत शंभर-दीडशे गाणी बसणाऱ्या एमपीथ्री आल्या, मग 2009 पासून मेमरी कार्ड भरून द्यायचं काम, आणि आता मोबाईलचं कव्हर, टफन ग्लास नि रिचार्ज. आधी गाणी विकायचो, आता ज्यात गाणी वाजतात त्याची खोळ विकतो. असो.

2002 ला ऐका दाजिबा आलं तेव्हाची कॅसेट मला अजून आठवते. वैशाली सामंत, अवधूत गुप्ते, टीव्हीवर झकपक व्हिडिओ, आणि पोरीबाळी येऊन नाव घेऊन कॅसेट मागायच्या, वैशाली सामंतची द्या म्हणून. कॅसेटच्या आत तो घडीचा कागद असायचा ना, त्यावर गीत कोणाचं, संगीत कोणाचं, गायक कोण सगळं छापलेलं. आम्ही कॅसेटवाले तो कागद वाचून वाचूनच शहाणे झालो. प्रल्हाद शिंदेंच्या कॅसेट, मग त्यांची मुलं आनंद-मिलिंद, मग नातू आदर्श, तीन पिढ्या मी एकाच फळीवर लावल्या. तुमच्या लेखात आनंद शिंदे एका ओळीत आलेत, ते पण जत्रा सिनेमातल्या कोंबडी पळालीमुळे, म्हणजे पुढे त्याचीच चाल हिंदीत चिकनी चमेली झाली ना म्हणून. अहो पण माझ्याकडे तो माणूस सिनेमाच्या कितीतरी आधीपासून सगळ्यात जास्त खपायचा, नवीन पोपट हा तर मी दुकान टाकलं तेव्हा जुनं झालेलं होतं आणि तरी मागणी होती.

आता मुद्द्याचं. मेमरी कार्ड. हा शब्द तुमच्या अख्ख्या लेखात एकदाही नाही. कॅसेटवरून सीडी आली आणि सीडीवरून एकदम यूट्यूब आलं असं लिहिलंय. मधली सात-आठ वर्षं कुठे गेली? त्या सात-आठ वर्षांत खेड्यापाड्यात जेवढी गाणी ऐकली गेली तेवढी आधी कधीच ऐकली नसतील, कारण पहिल्यांदाच शेतात पाणी भरणाऱ्या माणसाच्या खिशात स्वतःचा बाजा आला, तो पण चायनाचा, खाली चार स्पीकर असलेला, बांधावर ठेवला की पलीकडच्या शेतात ऐकू जायचा. नोकियाचा लाल पट्टीवाला एक्सप्रेस म्युझिक ज्याच्याकडे तो तर पोरांमध्ये राजाच.

तरुण वाचकांसाठी सांगतो कसं चालायचं ते. गिऱ्हाईक कार्ड काढून द्यायचं, बोटाच्या नखाएवढं, बऱ्याचदा मळलेलं, ते रीडरमध्ये घालायचं, कॉम्प्युटरवर फोल्डर केलेले असायचे, आणि तो म्हणेल ते टाकायचं. दोन जीबीत साध्या हिशोबाने साडेचारशेच्या आसपास गाणी बसतात पण आम्ही फाईल दाबून लहान करायचो, आवाज थोडा पत्र्यासारखा यायचा पण आकडा मोठा दिसायचा, आठशे गाणी भरून दिली म्हटलं की माणूस खुश होऊन जायचा. वीस रुपये, तीस रुपये, व्हिडिओ पाहिजे तर पन्नास. बाजाराच्या दिवशी नंबर लागायचे. एक म्हातारे बाबा यायचे, त्यांचं ठरलेलं, "अहिरानी गाना भरी दे भाऊ, दुसरं काही नको."

आणि सिझन असायचे हो, कापसासारखे. एप्रिलच्या सुरुवातीपासून भीमगीतं, 14 तारखेपर्यंत दुसरं काही मागायचंच नाहीत. त्यातच चैत्रात वणीच्या गडावर पायी जाणारे, त्यांना सप्तशृंगीची गाणी, ती पण नाचता येतील अशी पाहिजेत. मग लग्नसराई, हळदीची गाणी नि वरातीची वेगळी. श्रावणात कानबाईची, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीची. मग गणपती, नवरात्र. हा जो वर्षभराचा फेरा आहे ना त्यात सिनेमाचं गाणं अधूनमधून पाहुण्यासारखं यायचं. नटरंगचं अप्सरा आली आलं 2010 ला, ते सगळ्यांनी भरून नेलं, 2015 च्या गणपतीत संजय लोंढेंच्या शांताबाईने तर वेड लावलं आणि त्याला सिनेमाबिनेमा काही नव्हता. मंडळाची पोरं येऊन म्हणायची फक्त शांताबाई टाका पण पाच वेगवेगळी टाका, म्हणजे पाच डीजेंनी केलेली.

तुमच्या पेपरात ही गाणी येतच नाहीत असं नाही. येतात, डेसिबलच्या बातमीत. अमुक मंडळावर गुन्हा, तमुक डीजे जप्त. आवाजाबद्दल मी पण तुमच्याच बाजूने आहे, माझ्या आईला छातीचा त्रास आहे आणि गणपतीत आम्ही तिला बहिणीकडे पाठवतो, मिरवणूक आमच्याच गल्लीतून जाते म्हणून. पण भिंतीएवढ्या स्पीकरवर गाणं वाजलं यात गाणाऱ्याचा काय दोष? 2017 ला ते सोनू तुला माझ्यावर भरवसा नाय काय गावोगाव वाजत होतं, लहान पोरं वर्गात म्हणत होती, तेव्हा पेपरवाल्यांना त्याचं काही नव्हतं, मुंबईत रेडिओवाल्या मलिष्काने त्याच चालीवर खड्ड्यांचं गाणं केल्यावर बातम्या सुरू झाल्या. कारण त्यात महापालिका होती.

आता एक कबुली द्यायची आहे, नाहीतर पत्र खोटं होईल. कार्ड भरून देणं म्हणजे चोरीच होती. आम्हाला ते कळत होतं, अधूनमधून कुठेतरी धाड पडल्याची बातमी यायची की दोन दिवस फोल्डर लपवायचे आणि तिसऱ्या दिवशी परत चालू. पैशाची चोरी तर झालीच पण त्याच्यापेक्षा वाईट गोष्ट आम्ही केली ती नावांची. कॅसेटमधला तो घडीचा कागद गेला आणि त्याच्या जागी फाईलचं नाव आलं, आणि ते आम्हीच ठेवायचो. न्यू हळदी साँग 2012. फुल टू डान्स. ट्रॅक 07. गाण्याच्या सुरुवातीला डीजेवाला स्वतःचं नाव ओरडून घालायचा, तेवढंच एक नाव गिऱ्हाईकाला कळायचं, गीत लिहिणारा गेला, चाल लावणारा गेला, गायक पण गेला. मी स्वतः शेकडो फाईलींची नावं बदललीत कारण मूळ नाव लांब असलं की मोबाईलच्या स्क्रीनवर नीट दिसायचं नाही. एवढंच कारण.

एकदा एक माणूस आला, पन्नाशीचा असेल, कार्ड पुढे केलं आणि म्हणाला अमुक गाणं आहे का. मी लावून दाखवलं. तो पूर्ण ऐकेपर्यंत काही बोलला नाही, मग म्हणाला हे माझं आहे, मी गायलंय, आमच्याकडची कॅसेट पावसात गेली, घरी कोणाकडे नाही म्हणून आलो. मी पैसे घेतले नाहीत पण त्याचं नाव पण लिहून घेतलं नाही. गर्दी होती दुकानात. फाईलला नाव काय होतं तर मस्त गाणे 3. आज तो माणूस कुठे आहे, आहे की नाही, मला माहिती नाही, गाणं मात्र अजून लग्नात वाजतं.

धंदा बुडाला कसा ते पण सांगतो कारण त्यात एक गंमत आहे. 29 एप्रिल 2016 ला सैराट लागला. अजय-अतुलने त्यासाठी अमेरिकेत जाऊन मोठा ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला वगैरे तुमच्या लेखात सविस्तर आहे, मला त्यातलं फार कळत नाही, मला एवढं माहिती आहे की झिंगाटसाठी माझ्या दुकानासमोर चपला काढायला जागा उरली नव्हती. बाया यायच्या, ज्या एरवी कार्ड भरायला पोराला पाठवायच्या. मे-जून मी दोन कॉम्प्युटर लावून बसलो होतो, भाच्याला सुट्टीत बोलावून घेतलं, वाटलं आता दिवस पालटले. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं. नेट फुकट. दिवाळीपर्यंत कार्ड रीडरवर धूळ. म्हणजे माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सिझन तोच शेवटचा. भाचा अजून चिडवतो.

पण मी जिओला शिव्या देत नाही. कारण त्याने नावं परत आणली, थोडी तरी. यूट्यूबवर व्हिडिओच्या खाली गीत-संगीत-गायक लिहिलेलं असतं, पोरं वाचत नाहीत पण असतं. एकतारी घेऊन भीमगीतं गाणाऱ्या कडुबाई खरात, दारोदार गायच्या, कोणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि अख्ख्या महाराष्ट्राला चेहऱ्यानिशी नावानिशी माहिती झाल्या. माझ्या काळात त्यांचं गाणं ट्रॅक 11 झालं असतं. आमच्या खान्देशातल्या पोरांनी तर कमाल केली, सचिन कुमावतचं बबल्या इकस केसावर फुगे बघा, हाई झुमका वाली पोर बघा, आपल्याच गावात शूटिंग, आपलेच कलाकार, बोली आपली. ज्यांना अहिराणीतलं अक्षर कळत नाही ते पण नाचले. आता लोक म्हणतात मराठी गाणं व्हायरल झालं, आणि तेच लोक आधी म्हणायचे ही गावंढळ भाषा आहे. हरकत नाही, व्ह्यूज आल्यावर बोलीची भाषा होते बहुतेक.

तो संजू राठोड, तुमच्या लेखात गुलाबी साडीमुळे शेवटी फोटोसकट आलाय, तो आमच्या जळगाव जिल्ह्याचा आहे. लेखात असं लिहिलंय की 2024 ला हे गाणं अचानक कुठून तरी आलं. अचानक कसं हो? त्याच्या आधी त्याचंच नऊवारी वाजून गेलं होतं आणि त्याच्या आधी वीस वर्षं इथे हळदीत नि वरातीत सोपे शब्द, ठेका, साडी-बांगडी-टिकली असली गाणी वाजतच होती, त्यावर ही पोरं लहानाची मोठी झालीत. जी-स्पार्कचं म्युझिक नवीन आहे, आवाज स्वच्छ आहे, पण खालची माती तीच. तांबडी चामडीचं पण तसंच, क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकरचं, ते नेदरलँड्सच्या मोठ्या डान्स म्युझिक कंपनीने काढलं म्हणून कौतुक चाललंय आणि व्हायलाच पाहिजे, मला स्वतःला पण आवडतं, दुकानात लावतो. फक्त मराठी शब्दांवर मशीनचा ठेका आधी कोणी लावलाच नव्हता असं जे लिहिलंय ते वाचून हसू आलं. माझ्या कॉम्प्युटरात असल्या गाण्यांनी एक अख्खं ड्राईव्ह भरलं होतं साहेब.

पुण्याच्या त्या रॅपर एमसी स्टॅनचं मला फारसं समजत नाही, तो बिग बॉस जिंकला तेव्हा दुकानात येणारी सगळी पोरं त्याच्यासारखं बोलायला लागली एवढं माहिती आहे. माझा मुलगा म्हणतो पप्पा तुम्ही स्वदेसी नावाचा ग्रुप ऐका, ते मराठीत पण रॅप करतात, वारली लोकांवर पण गाणं आहे. ऐकलं. राग आहे त्यात आणि शब्द कळतात. बाकी त्यावर मुलानेच पत्र लिहावं.

तर साहेब मागणी एवढीच आहे. पुरवणीत पुढे कधी हा विषय घ्याल तेव्हा सिनेमा आणि टीव्हीच्या बाहेरचं गाणं एकदा नीट घ्या, आणि ते मुंबईत बसून फोनवर विचारून नको. ज्यांनी हळदीची, कानबाईची, भीमजयंतीची गाणी लिहिली, गायली, त्यातले बरेच लोक अजून हयात आहेत, तालुक्याच्या गावांत आहेत, कोणी एसटीतून रिटायर झालेत, कोणी शेती करतात. दर आठवड्याला एका गाण्याचा शोध लावा, हे गाणं कोणाचं, एवढंच. वाचक कळवतील, मला खात्री आहे, आमच्याकडे लोकांना चाल ऐकली की गाव आठवतं.

माझ्याकडे त्या काळातली एक हार्डडिस्क आहे, 500 जीबीची, जवळजवळ पूर्ण भरलेली. लावली की कटकट आवाज करते पण पाच-सहा मिनिटांनी उघडते. तुमच्याकडून कोणाला पाठवत असाल तर रविवारी पाठवा, बाजार शनिवारी असतो. चहा माझ्याकडून. ते मस्त गाणे 3 पहिल्यांदा लावू.

आपला नियमित वाचक,
एक जुना कॅसेटवाला, चाळीसगाव