लव्हेंडरच्या रोपावर जातीचे नाव हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील बागकामाच्या सदरात लव्हेंडर हे थंडी सोसणारे झाड असल्याचे म्हटले आहे. ते खरे असले, तरी लव्हेंडरच्या सर्व जातींना लागू नाही. मुले परदेशी स्थायिक झालेली कितीतरी घरे आज कोल्हापुरात आहेत आणि तिकडच्या अंगणात काय लावावे याची चर्चा इथूनच फोनवर चालते, म्हणून हा खुलासा.

बर्फ पडणाऱ्या मुलखात लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया हीच जात आधी पाहावी. मुळे धरलेले रोप उणे २० अंशांच्या आसपासची थंडीही सहसा सोसते आणि ‘मन्स्टेड’ व ‘हिडकोट’ हे तिचे जुने, भरवशाचे वाण आहेत. लॅव्हेंडिन हा संकरही बराच काटक आहे. तो मोठा वाढतो, उशिरा फुलतो आणि त्याच्या वासाला कापराची झाक असते. दातेरी पानांची डेंटाटा आणि कणसावर तुरा मिरवणारी स्टोइकास मात्र कडाक्याच्या थंडीत जगत नाहीत. दिसायला देखण्या असल्याने ग्राहक नेमक्या त्याच उचलतो.

जात योग्य निवडूनही रोप मरते, ते पुष्कळदा ओलीमुळे. हिवाळ्यात मुळाशी पाणी साचून गोठले की काटक वाणही कुजतो. म्हणून भारी जमिनीत खडी मिसळून, उसाला करतो तसा वरंबा काढून त्याच्या माथ्यावर रोप लावावे, शेणखताचा हात आखडता ठेवावा आणि ऐन हिवाळ्याच्या तोंडावर छाटणी करू नये. छाटतानाही पाने नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत जाऊ नये, कारण तिथून सहसा पुन्हा फूट येत नाही.

आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. जम्मूच्या डोंगराळ भदरवाहमध्ये लव्हेंडरची शेती होते, म्हणून तीच जात पंचगंगेकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळा काढील, ही अपेक्षा व्यर्थ होय. इथे हौसच असेल, तर डेंटाटा कुंडीत लावून जून ते सप्टेंबर पत्र्याखाली, पण उजेडात ठेवावी.

बाजारातील रोपांवर बहुधा नुसते ‘लव्हेंडर’ लिहिलेले असते. रोपवाटिकांनी चिठ्ठीवर जातीचे व वाणाचे नाव द्यावे, तसेच रोप बियांचे की छाटकलमाचे हेही नोंदवावे, कारण बियांच्या रोपांत वाणाचे गुण जसेच्या तसे उतरतीलच असे नाही. आपल्या सदरातही यापुढे जातीचे नाव छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर