आठ टायर आणि दोन स्टेपन्या

ह्यूस्टन, टेक्सास
जून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

बोट घेतलीस आणि चार जुलैच्या सुट्टीत ती ट्रकमागे ट्रेलरवर ओढत राउंड रॉकहून थेट समुद्रकाठच्या पोर्ट अरॅन्ससला न्यायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. हिच (ट्रकमागचा ट्रेलरचा जोड), साखळ्या आणि दिव्यांच्या वायरबद्दल तू दोन पानं लिहिलीस. टायरबद्दल एकच वाक्य आहे, "चारही नवे दिसतात". म्हणून हे पत्र फक्त टायरवर.

जुन्या ट्रेलरचे टायर नवेच दिसतात, कारण बोट वर्षाकाठी फार थोडे मैल धावते. नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र उन्हात वाळत जातं. त्यामुळे नक्षीकडे बघण्याआधी जन्मतारीख शोध. टायरच्या बाजूवर 'डीओटी' अशी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटचे चार आकडे वाच. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पूर्ण ओळ बऱ्याचदा एकाच बाजूला छापलेली असते आणि नेमकी ती बाजू आत जाते. मग टॉर्च घेऊन ट्रेलरखाली जावं लागतं. जायचंच. वय पाच वर्षांच्या पुढे गेलं असेल तर मी लांबच्या प्रवासाला तो टायर वापरू देणार नाही, सहा झाली असतील तर नक्षी कितीही खोल असो, बदल. चार टायरचा खर्च एका फुटलेल्या टायरने फाडलेल्या मडगार्ड, वायरी आणि ब्रेकच्या नळीपेक्षा कमीच येतो.

वय ठीक असेल तर हात फिरव. बाजूवर बारीक भेगा, कुठे फुगा, नक्षीवर एखादा उंचवटा लागतोय का बघ. उंचवटा म्हणजे आतल्या पोलादी तारांचा थर रबरापासून सुटायला लागलाय, असा टायर एक दिवसही चालवायचा नाही. दोन्ही कडा झिजलेल्या असतील तर हवा कमी राहत होती, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त होती, एकच कड झिजली असेल तर ॲक्सल वाकलाय किंवा त्याची दिशा चुकली आहे. शेवटचा दोष नवा टायर घालून जात नाही, तो नव्यालाही तसाच खातो.

आता हवा. ट्रकचा नियम वेगळा आणि ट्रेलरचा वेगळा, आणि माणसं नेमकी इथे गल्लत करतात. ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावरचा आकडा पाळायचा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा, तिथपर्यंत ट्रकचे टायर फुगवायचे नाहीत. बोट ओढताना मागच्या चाकांत जास्त हवा घालायची का, ते गाडीच्या पुस्तिकेतल्या टोइंगच्या प्रकरणात बघ आणि तेवढीच घाल. ट्रेलरचं उलट. त्याच्या चौकटीवरच्या पाटीवर वेगळा आकडा नसेल तर बाजूवर छापलेली कमाल हवाच भरायची, आणि तीही थंड टायरमध्ये.

का, ते तुझ्याच आकड्यांवरून सांगतो. बोट इंजिनसह ३,४०० पौंड कोरडी, म्हणजे पेट्रोल आणि सामान सोडून. पेट्रोलची टाकी ५० गॅलनची, गॅलनला साधारण सहा पौंड, म्हणजे ३०० पौंड. बॅटऱ्या, नांगर, दोर, लाइफ जॅकेट, बर्फाचा डबा मिळून आणखी ३०० धर. ट्रेलर १,०००. एकूण ५,०००. त्यातला दहा टक्के, ५०० पौंड भार हिचवर जातो, उरलेले ४,५०० चार टायरवर, म्हणजे एकेकावर १,१२५. तू टायरचा जो फोटो पाठवलास त्यावर एसटी (म्हणजे खास ट्रेलरचा टायर) १७५/८०आर१३, लोड रेंज सी असं आहे. लोड रेंज म्हणजे भार पेलण्याचा वर्ग, बीपेक्षा सी जास्त, सीपेक्षा ई जास्त. हा टायर ५० पीएसआयला (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावरचा पौंडांतला दाब) १,३६० पौंड उचलतो. ३५ पीएसआयला तोच टायर फक्त १,१०० उचलतो. पंधरा पीएसआय कमी पडले की चारही टायरवर पेलण्यापलीकडचा भार, आणि लांबून बघणाऱ्याला ते बसलेलेही वाटत नाहीत. कमी हवेत बाजूचं रबर प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतं, वाकण्याने तापतं, आणि तापलं की थर सुटतात. ट्रेलरचा टायर अचानक फुटला असं म्हणतात, पण त्याआधी तो बराच वेळ आतून शिजलेला असतो.

हा हिशेब अंदाजाचा आहे, तो काट्यावर ताडून बघ. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचा वजनकाटा असतो. त्याचे पट्टे वेगळे असल्याने पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर यांची वजनं सुटी मिळतात. टाकी भरून, सामान चढवून, कुटुंब गाडीत बसवून वजन कर. मागच्या ॲक्सलचं वजन दारावरच्या स्टिकरमधल्या मर्यादेत आहे ना, हे बघायला विसरू नकोस. हिचवरचे ५०० पौंड मागच्या चाकांवर ५०० पेक्षा जास्त होऊन पडतात, कारण हिचचा गोळा, ज्यावर ट्रेलर बसतो, तो ॲक्सलच्या मागे असतो आणि तो पुढची चाकं थोडी उचलून धरतो.

ट्रेलर जोडल्यावर बाजूने बघ. तो जमिनीला समांतर हवा. तोंड वर असेल तर भार मागच्या जोडीकडे सरकतो. पट्ट्याच्या स्प्रिंगमधला इक्वलायझर (दोन ॲक्सलच्या स्प्रिंगा जोडणारा दुवा) थोडं वाटून घेतो, टॉर्शन ॲक्सल (स्प्रिंगऐवजी आत रबर असलेला) असेल तर जवळजवळ काहीच नाही. गोळ्याची उंची बदलणारी पट्टी बाजारात मिळते, ती बदलून घे.

हवा मोजायची वेळ पहाटेची, गाडी किमान तीन तास उभी असताना, ऊन पडायच्या आत. दर दहा अंश फॅरनहाइटला साधारण एक पीएसआय फरक पडतो, त्यामुळे ऊन लागलेल्या बाजूचे टायर भरलेले वाटतात. पंपावरच्या गेजवर भरवसा ठेवू नकोस. स्वतःचं चांगलं गेज घे आणि बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर ट्रकमध्ये ठेव. तासभर धावल्यावर ५० चे ५५-५६ दिसतील, ते बरोबर आहे. तापलेल्या टायरमधली हवा सोडायची नाही. सोडलीस तर थंड झाल्यावर तो कमी हवेवर येतो.

व्हॉल्व्ह बघ. रबरी व्हॉल्व्ह साधारणपणे ६५ पीएसआयपर्यंतचे असतात, तुझ्या ५० ला चालतील. पुढे कधी लोड रेंज ई घेतलेस आणि ८० भरणार असशील तर जास्त दाबाचे घालून घे. टोप्या प्लास्टिकच्या ठेव, धातूच्या टोप्या खाऱ्या पाण्याने चिकटून बसतात. तुझी रिम लोखंडी आहे, आणि समुद्राच्या पाण्यात बुडवल्यावर रिमची कड गंजली की तिथून हवा हळूहळू झिरपते. पंक्चर सापडत नाही आणि हवा कमीच होत राहते, त्याचं हेच कारण असतं. रॅम्पवरून वर आलास की गोड्या पाण्याने चाकं धू.

नटांना टॉर्क पाना लाव. अर्ध्या इंचाचे बोल्ट असतील तर ९० ते १२० फूट-पौंड, समोरासमोरच्या क्रमाने, एकदम नाही, दोन-तीन टप्प्यांत. चाक काढून बसवलं असेल तर १०, २५ आणि ५० मैलांवर पुन्हा आवळायचे, कारण रिम बसायला वेळ घेते.

वेगाबद्दल मला तुझी खरी काळजी वाटते. नकाशा तुला ऑस्टिनच्या पूर्वेकडून एसएच-१३० टोल रस्त्यावर घालेल. मस्टँग रिजपासून सेगीनपर्यंतच्या साधारण एक्केचाळीस मैलांवर वेगमर्यादा ताशी ८५ मैल आहे, अमेरिकेत याहून जास्त कुठेच नाही. ट्रेलरच्या टायरवर वेगाचं अक्षर छापलेलं नसेल तर त्याला ६५ चाच समज. 'एल' म्हणजे ७५, 'एम' म्हणजे ८१. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ५५ ची मर्यादा आहे. टेक्सास तुला ८५ ने जाऊ देईल, तुझा टायर देणार नाही. उजव्या लेनमध्ये ६०-६५ ने चालव. पहाटे निघ म्हणजे रस्ता तापायच्या आत बराच टप्पा होतो.

पहिला थांबा दहा मैलांवर, मग दर दीड तासाने. उतरून आठही टायरना हात लाव, हबना (चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागांना) उलटा हात लाव. इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्त मिळतो, तो आणखी बरा. आकडा किती यापेक्षा कोणता वेगळा ते बघ. एकच टायर इतरांपेक्षा बराच तापला असेल तर त्यात हवा कमी आहे, एकच हब तापला असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं तर मागचं सील गेलंय. आणि पोहोचल्या पोहोचल्या ट्रेलर पाण्यात घालू नकोस. गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी ओढून घेते. अर्धा-पाऊण तास थांब.

टायरमधली हवा कमी झाल्याचा ट्रकमधला दिवा ट्रेलरकडे बघत नाही. त्यातही तो ३५ चे साधारण २६ झाल्यावर लागतो, ओझं ओढताना तो फार उशीर असतो. ट्रेलरच्या व्हॉल्व्हवर बसणारे सेन्सर आणि डॅशबोर्डवर ठेवायचा पडदा घे. दोन ॲक्सलच्या ट्रेलरचा एक टायर बसला तर आरशात कळतही नाही. तोवर त्या बाजूचे २,२५० पौंड शेजारचा १,३६० चा टायर एकटा वाहत असतो. म्हणून एक फुटला की त्याच्या जोडीदारावरही विश्वास ठेवायचा नाही, दोन्ही बदल.

फुटलाच तर ब्रेक दाबू नकोस, स्टिअरिंग सरळ धर, ॲक्सिलरेटर हळू सोड आणि रस्त्याबाहेर सपाट जागा गाठ. ट्रक सोडवू नकोस. बाकीच्या चाकांना ठोकळे लाव, नट जमिनीवरच सैल कर, मग बाटली-जॅक फळीवर ठेवून चौकटीखाली लाव. टॉर्शन ॲक्सलखाली लावायचा नाही. ट्रकचा पाना ट्रेलरच्या नटाला बसतो का, हे घरीच बघ, बहुधा १३/१६ चा लागतो. अनेक बोट-ट्रेलर स्टेपनीशिवायच विकले जातात. तुझ्याकडे आहे का, तिच्यात ५० हवा आहे का आणि तिचंही वय काय, ते कळव. ट्रकची स्टेपनी खाली टांगलेली असते, तीही उतरवून मोज.

आणखी एक. टेक्सासने २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा-तपासणी बंद केली. राउंड रॉकला धुराची चाचणी होते, पण टायरकडे आता कोणी बघत नाही.

डीओटीचे आकडे आणि काट्याची पावती, दोन्हींचे फोटो या आठवड्यात पाठव. टायर बदलायचे निघाले तर सुट्टीच्या आधी दुकानात गर्दी असते, आणि लोड रेंज सी मागितल्यावर बी हातात येणार नाही एवढं बघ.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
अविनाश