पाच रात्री, एकच गाव

दापोली,
१४ जून

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ऑक्टोबरात आपण सगळे इटलीतल्या सिसिली बेटावर जाणार, त्या सहलीची तू पाठवलेली एक्सेल शीट मिळाली. निखिलने रंगवलेले रकाने पाहिले, निळा म्हणजे गाडी आणि पिवळा म्हणजे जेवण. सहा दिवसांत पालेर्मो, चेफालू, आग्रिजेंतो, रागुझा, सिराकुझा, एटना, ताओर्मिना. तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवली. तिने निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली आणि विचारलं, "यात बसायचं कधी?"

तू म्हणाली होतीस, बाबा, हवं तर बदला. म्हणून बदलतोय. फोनवर सांगितलं की तू 'हो बाबा' म्हणतेस आणि तुझंच करतेस, तेव्हा लिहून पाठवतो. पाचवी ओळ तेवढी ठेव, बाकीच्या सगळ्या खोड. सिराकुझा, त्यातही त्याचं जुनं बेट ऑर्तिजिया. पाच रात्री, एकच घर, एकच किल्ली.

मी तिथे चार वेळा गेलोय आणि एकदाही राहिलेलो नाही. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. आमचा टँकर ऑगुस्ताला लागायचा, सिराकुझाच्या उत्तरेला. सगळा किनारा रिफायनऱ्यांचा, वाऱ्यावर सल्फरचा वास. तिथून सिराकुझा आगगाडीने अर्ध्या तासावर. मी तेव्हा फोर्थ इंजिनिअर, वॉच म्हणजे पाळी आठ ते बाराची, सकाळी आणि रात्रीही. बाराला वर यायचं, हाताचं तेल घासून काढायचं, किनाऱ्यावर उतरायचा शोर पास खिशात घालून स्टेशन गाठायचं आणि रात्री आठच्या आत परत इंजिन रूममध्ये. म्हणजे गावात पोचायचो दीड-दोनच्या सुमाराला. आणि दीड ते चार त्या गावात कुत्रंसुद्धा जागं नसतं. दुकानांची शटर्स खाली, चर्चला कुलूप, बाजार उठलेला, दगडावर माशांच्या पाण्याचे ओघळ. चार वाजता गाव डोळे चोळत उठायचं, की माझी निघायची वेळ जवळ आलेली. पहिल्या खेपेला परतीची गाडी चुकली आणि टॅक्सीवाल्याने माझ्या तोंडाकडे बघून भाडं ठरवलं. लिराचा जमाना होता, शून्यं मोजेपर्यंत पैसे देऊन मोकळा झालो.

तेव्हा दुपारी दीड वाजता जे उघडं असतं तेवढंच मला नीट माहीत आहे. त्यातलं पहिलं म्हणजे अरेथुसाचा झरा. बेटाच्या पश्चिम काठावर, समुद्राला अगदी लागून, दगडी कठड्याच्या आत गोल कुंड. कठड्याच्या या बाजूला बदकं आणि पपायरसचे झुबके, त्या बाजूला खारं पाणी. मध्ये फक्त एक रस्ता. ग्रीकांची कथा अशी की अरेथुसा नावाच्या अप्सरेमागे ग्रीसमधली अल्फिओस नदी लागली. नदी म्हणजे तिथे पुरुष. ही पळत सुटली, देवीने तिचा झरा केला आणि ती इथे वर आली, तर हा पठ्ठ्या समुद्राच्या तळातून वाहत इथवर पोचला. कथा राहू दे. मला आश्चर्य पाण्याचं वाटायचं. बोटीवर फ्रेश वॉटर जनरेटर माझ्या ताब्यात. इंजिनच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळवून दिवसाकाठी किती टन गोडं पाणी झालं ते लॉगबुकात लिहायचं, कमी भरलं की चीफची बोलणी खायची. आणि इथे ते फुकट उसळतंय! आपल्या सिंधुदुर्गात दूधविहीर, दहीविहीर, साखरविहीर आहेत ना, चहूकडे खारं आणि आत गोडं, त्या जातीचं. १७९८ साली इंग्रजांचा दर्यासेनानी नेल्सन फ्रेंच आरमाराच्या शोधात होता, तेव्हा त्याने सिराकुझालाच गलबतांवर पाणी भरून घेतलं आणि पुढे नाईलच्या मुखाशी लढाई मारली. तू मात्र ते पिऊ नकोस, आणि सईला बदकांना ब्रेड घालू देऊ नकोस.

दुसरं उघडं ठिकाण म्हणजे कॅथीड्रलची बाहेरची भिंत. मुख्य चौक पांढऱ्या दगडाचा, भर दुपारी डोळे दिपतात, म्हणून मी बाजूच्या मिनेर्वाच्या गल्लीत सावलीला जायचो. तिथे चर्चच्या भिंतीतून जाडजूड खांब अर्धे बाहेर आलेले दिसतात. पहिल्यांदा वाटलं डागडुजी चालली असेल. ते खांब इ. स. पू. पाचव्या शतकातल्या, अथेना या ग्रीक देवीच्या देवळाचे. ख्रिस्ती लोकांनी देऊळ पाडलंच नाही. खांबांमधली जागा दगडाने बुजवून भिंत केली, आतल्या गाभाऱ्याच्या भिंतींना कमानी पाडल्या, झालं चर्च. मग अरब आले, त्यांनी मशीद केली. नॉर्मनांनी पुन्हा चर्च. १६९३ च्या भूकंपात पुढची बाजू कोसळली, म्हणून आजचा तो नक्षीदार दर्शनी थाट अठराव्या शतकातला. अडीच हजार वर्षं त्या जागी कोणी ना कोणी हात जोडतंच आहे. देवळाच्या माथ्यावर अथेनाची मूर्ती होती आणि तिची सोनेरी ढाल समुद्रावरून दिसायची, खलाशी ती दिसेनाशी होईपर्यंत मागे बघत राहायचे, असं सांगतात. हे मला पटतं. रत्नागिरीचं दीपगृह दिसेनासं होईपर्यंत मीही एकदा डेकवर उभा राहिलो होतो, काम सोडून. आत जायला मिळालं ते चौथ्या खेपेला, आणि तेही दहा मिनिटं. आतून ते खांब कसे दिसतात ते मला सावकाश बघायचं आहे. एवढी एक गोष्ट शीटमध्ये लिही, बाकी रकाने रिकामे सोड.

आर्किमिडीज याच गावचा हे तुला मी सातवीत सांगितलं होतं, तू तेव्हा टबात बसून 'युरेका' ओरडायचीस. पोरं तेवढंच लक्षात ठेवतात. आमचं पोट त्याच्या नियमावर चाललं. बोटीच्या कडेला रंगवलेले ड्राफ्टचे, म्हणजे बोट पाण्यात किती बुडाली त्याचे, आकडे वाचून आत माल किती गेला ते काढायचं, दुसरं काय असतं ते? त्याच्या काळात इथल्या हिएरॉन राजाने सिराकुसिया नावाची अवाढव्य बोट बांधवली. ती पाण्यात ढकलायला आर्किमिडीजचीच युक्ती लागली आणि बोटीच्या तळातलं पाणी उपसायला त्याचा स्क्रू. म्हणजे पहिला बिल्ज पंप! इ. स. पू. २१२ मध्ये रोमनांनी शहर घेतलं तेव्हा एका शिपायाने त्याला मारलं. एकशे सदतीसच वर्षांनी रोमन वक्ता सिसेरो इथे अधिकारी म्हणून आला, तर गावातल्या कोणाला त्याची समाधी ठाऊक नव्हती. काट्याकुट्यांत शोधून त्याने ती ओळखली, वर गोल आणि दंडगोल कोरलेला होता म्हणून. आज नेआपोलिसच्या बाजूला 'आर्किमिडीजची कबर' म्हणून एक गुहा दाखवतात, ती त्याची नव्हे, रोमन काळातली आहे. तिथे फोटोसाठी ऊन खाऊ नका.

नेआपोलिस म्हणजे मुख्य भूमीवरचं ग्रीक अवशेषांचं उद्यान. एक सकाळ त्याला द्या, टॅक्सीने जा आणि अकराच्या आत परत या. दगडात कोरलेलं थिएटर आहे, त्याच्याशेजारी जुन्या खाणी. त्यातली 'डायोनिसिअसचा कान' नावाची उंच गुहा सईला आवडेल, कुजबुजलं तरी घुमतं. तिला एवढं सांग की ते नाव काराव्हाज्जो नावाच्या चित्रकाराने ठेवलं. त्याच खाणींत इ. स. पू. ४१३ मध्ये हरलेल्या अथेन्सचे सात हजार कैदी कोंडले होते, ते मात्र तिला आत्ता सांगू नकोस. त्यांचं आरमार ज्या बंदरात अडकलं ते तू रोज संध्याकाळी झऱ्याच्या कठड्यावरून बघशील. सूर्य त्याच पाण्यात बुडतो.

आता घराचं. लिफ्टची खात्री केल्याशिवाय एक युरो भरू नकोस. तिथल्या जुन्या वाड्यांचे मजले उंच असतात, पहिला मजला म्हणजे आपले दोन जिने समज, आणि आईच्या गुडघ्यांना एक पुरे होतो. मालकाला थेट पायऱ्या किती ते विचार. तळमजला स्वस्त मिळेल, पण गल्लीतल्या तळमजल्याला ओल असते आणि खिडकी उघडली की लोक आत बघतात. चौकाच्या अगदी जवळ नको, रात्री उशिरापर्यंत गलका असतो. बाजाराच्या बाजूला नको, पहाटे टेम्पो येतात. ज्युदेक्का, म्हणजे पूर्वीची ज्यूंची वस्ती, पूर्वेच्या अंगाला आहे. अरुंद गल्ल्या, मोटारींचा त्रास कमी आणि दोन मिनिटांवर समुद्र. स्पेनच्या राजाने १४९२ मध्ये ज्यूंना हाकलण्याचा हुकूम काढला, तेव्हा हे लोकही गेले. जमिनीखाली त्यांची स्नानाची कुंडं अजून आहेत. तुम्ही उतरून बघा, आई आणि मी वर थांबू.

गाडी भाड्याने घेऊ नका. निखिलला वाईट वाटेल, पण बेटावर बाहेरच्या गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाची पावती काही महिन्यांनी तुमच्या घरी, नेदरलँड्समध्ये आयंडहोवनला येते. कातानिया विमानतळावरून थेट बस आहे, सव्वा तास. परतीच्या दिवशी मात्र वेळेची ओढाताण नको, एटना ज्वालामुखी शिंकला की राखेमुळे विमानतळ बंद पडतो. एखाद्या दिवशी कंटाळा आलाच तर आगगाडीने नोतोला जाता येईल, अर्ध्या-पाऊण तासावर आहे, त्याच १६९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं सबंध गाव. नाही गेलात तरी मी विचारणार नाही.

बाजार अपोलोच्या देवळाच्या अवशेषांना लागून भरतो, रविवार सोडून रोज सकाळी. तो मी कधी भरलेला बघितलाच नाही! ऑक्टोबरात निवडुंगाची लाल-पिवळी फळं असतील, ती सोलूनच घे, कुसळं बोटात गेली की दिवसभर सुटत नाहीत. आव्होलाचे बदाम घे, पाकिनोचे छोटे टोमॅटो घे. घरात स्वयंपाकघर हवंच, म्हणजे मासळी आणून भात टाकता येईल. आईच्या सोमवारी मात्र जपून. नुसत्या भाजीची म्हणून दिलेल्या पास्त्यातही 'अच्चुगे' निघतात, ते खारवलेले बारीक मासे. आधी विचारायचं. पानेल्ले मिळाले तर तिला दे, हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या असतात, तिला माहेरी आल्यासारखं वाटेल. सकाळी बदामाची ग्रानिता, म्हणजे गोड बर्फाचा चुरा, आणि ब्रिओश पाव, तिथे लोक खरंच बर्फाने न्याहारी करतात. कॉफी बारपाशी उभ्याने प्यायलात तर स्वस्त, खुर्चीवर बसलात की दर वाढतो. आपण बसायचं. त्याचे पैसे मी देतो.

एक ते चार झोपायचं. एवढा एकच नियम.

व्हिसाचं मी बघितलं. आम्ही तीन आठवडे तुझ्याकडे आणि पाच रात्री इटलीत, म्हणजे मुक्काम जास्त नेदरलँड्सचा, तेव्हा अर्ज नेदरलँड्सचाच करायचा, शेंगेनमध्ये तोच चालतो. तीस हजार युरोंचा विमा लागतो, तो इथून काढतो. तू फक्त निमंत्रणाचं पत्र आणि सिराकुझाच्या घराचं बुकिंग पाठव. रद्द करता येईल असंच बुकिंग कर.

सईसाठी तिथे कळसूत्री बाहुल्यांचा खेळ असतो, चिलखत घातलेले सरदार एकमेकांची मुंडकी उडवतात. आपल्या पिंगुळीच्या बाहुल्यांपेक्षा वजनदार आणि रागीट. घाबरेल की नाही ते तू ठरव. तू तिच्या वयाची असतीस तर घाबरली नसतीस, हेही सांगून ठेवतो.

आई विचारते आहे की तिथे कढीपत्ता मिळेल का. मी म्हटलं, नाही. तिने काल परसातला तोडून सावलीत वाळत घातला आहे. ऑक्टोबरला अजून साडेतीन महिने आहेत, हे मी तिला सांगितलं नाही.

तुझा,
बाबा